देवघराच्या खणातली वस्तू

तुळसाबाईंच्या देवघरातला दिवा विझत आला होता. दिवा कुणाच्याही घरचा असो, विझताना दिसला की मनकर्णाबाईंना पुढे जाववत नसे. वात सारायला काडी हवी म्हणून त्यांनी देवघराखालचा खण ओढला. काडेपेटी, कापूर, वाती कुठल्याही घरात याच खणात असतात. हात मात्र पडला तो एका कोमट वस्तूवर.

त्यांनी हात मागे घेतला. मग पदराने पुन्हा चाचपलं आणि वाकून पाहिलं. काळी, विटेसारखी जाड वस्तू होती. मधोमध काच, डाव्या बाजूला फुलीसारखं बटन, उजव्या बाजूला गोल बटनांची ओळ. माथ्यावर खाच होती आणि त्या खाचेत आणखी काहीतरी खोचलेलं. शेजारी पिशवीभर संपलेले सेल. आत्ता, एवढ्यातच कुणीतरी ती वापरून ठेवली असणार, नाहीतर बंद खणात वस्तू कोमट कशी राहील?

आता त्यांना जीपमधून उतरतानाचं आठवलं. खिडकीतून तुळसाबाईंचा दबका आवाज आला होता, "दडव ना ते लवकर, पाहुणे आले!" तेव्हा वाटलं, वाळत घातलेले कपडे असतील, पसारा असेल. पसारा कुणी देवघरात दडवत नाही.

मनकर्णाबाई आणि त्यांचे यजमान बबनराव जऊळक्याहून शेलूबाजारला आले होते ते लेक राखीसाठी घर पाहायला; गावातल्याच नणंद विमलबाई तिथे सोबतीला होत्या. तुळसाबाईंचा मुलगा हरीओम पसंत होता. राखीलाही पसंत होता, आणि हे विशेष, कारण याआधीची दोन स्थळं राखीनेच तोंडावर नाकारली होती. आता बायकांनी घर, चूल, पाणी, गोठा पाहून घ्यायचा आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायची, एवढंच राहिलं होतं. पण पुरुषांनी दिवस ठरवला गुरुवारचा. गुरुवारी मनकर्णाबाईंचं मौन असायचं, सकाळच्या अंघोळीपासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत. राखी पोटात होती तेव्हापासूनचा नेम. बबनरावांनी निघताना हात जोडले, "आजच्या दिवस तरी बोल व माय." त्यांनी नकाराची मान हलवली होती. देवाला दिलेला दिवस पाहुण्यांसाठी परत मागायचा नसतो.

त्यामुळे हे काय आहे, कोणाचं आहे, हे विचारायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं. खण लोटून त्यांनी बोटानेच वात पुढे केली आणि बाहेर येऊन बसल्या. समोर शिरा आला. त्यांनी ताटली तशीच ठेवली.

"मावशी, घ्या ना," हरीओम म्हणाला.

मनकर्णाबाईंनी हातानेच नको म्हटलं आणि त्याच्या अंगठ्यांकडे पाहिलं. बबनरावांचा पुतण्या विकास असाच पडद्यावर दोन अंगठे नाचवत बसायचा. मोबाईलवर पैसे लावून खेळायचा. आधी मोटारसायकल गेली, मग बैलजोडी गेली, शेवटी बायको माहेरी गेली ती आलीच नाही. विकासच्या बायकोची सोयरीक जमली तेव्हा तिच्या आईनेही घर पाहिलं होतं, शिरा खाल्ला होता. तिने खण उघडला नव्हता, एवढाच फरक.

संध्याकाळी घरी दिवा लावला, नमस्कार केला आणि मनकर्णाबाई पहिलं वाक्य बोलल्या ते हे.

"त्या घरात जुगार हाये."

बबनराव पायांवर पाणी घेत होते. लोटा तसाच राहिला. "कोणं सांगतलं तुले?"

"देवघरात पाह्यलं मी. मशीन हाये. गरम होतं."

"अवो, पोरासोराचं खेळणं असंन."

"त्या घरात पोरसोर हाये कोण? एकटा पोरगा, तोबी लग्नाचा. आन खेळणं असतं तं देवाखाली काहून दडवतीन?"

बबनरावांनी पाय पुसले आणि जेवायचं काय आहे ते विचारलं.

राखी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकलं. जेवणं झाल्यावर भांडी घासता घासता तिनेच विषय काढला.

"आई, त्यायचा फोन आला ना, का मागं काहीतरी वाजते. टुंग, टुंग. मंग धप्प करून. मी विचारलं तं म्हणे टीव्ही हाये."

"टीव्ही असा वाजते?"

"नाही ना."

राखीने राखेने घासलेली परात पुन्हा एकदा घासली. तिचं तोंड उतरलं होतं. मनकर्णाबाईंना वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं. पण मौन सुटल्यावर पोटात ठेवणं हेही त्यांच्या नेमात बसत नव्हतं.

सोमवारी विमलबाई आल्या. त्या शेलूबाजारातच दिलेल्या, हे स्थळ त्यांनीच आणलेलं, त्यामुळे दोन्हीकडच्या बातम्या त्यांच्याकडे न मागता पोचत. ओसरीत टेकल्या, पाणी प्यायल्या आणि भावाकडे वळल्या.

"भाऊ, तिकडं काय म्हणून राह्यले माईत हाये? पोरीची माय मुकी हाये म्हणते."

"मुकी?" मनकर्णाबाई आतून बाहेर आल्या. "मी?"

"तुळसाबाई म्हणे, एवढ्या टायमात बाईनं हूं का चूं केलं नाही. शिरा ठेवला, तसाच. इचारते, मुकेपण खानदानात असते काय? उद्या नातू झाला आन बोललाच नाही तं?"

"अवो पण मौन होतं माहं! तुमी सांगतलं नाही तिथं?"

हा प्रश्न बबनरावांना होता. बबनराव गोठ्याकडे पाहू लागले.

"पहिल्यांदा गेलो पाहुण्याच्या घरी," ते हळूच म्हणाले, "आन सांगू, का माही बायको आज कोणाशी बोलत नाही? काय म्हणतीन लोकं? मी सांगतलं, घसा बसला."

"आन मी बी तेच धरून ठेवलं," विमलबाई म्हणाल्या. "पण भाऊ, घसा बसलेलं माणूस खोकते तरी. घोगरं तरी बोलते. वहिनी तं मूर्तीसारखी बसली होती. कोण भरोसा ठेवंन?"

मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. ज्या घरावर आपण संशय धरून आलो, ते घर आपल्यावर संशय धरून बसलं होतं. आणि त्यांचा निदान खोटा तरी होता. आपला?

"विमलताई, त्यायच्या घरात एक मशीन हाये," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

विमलबाईंनी डोळे बारीक केले. "तरीच! समोरचा दुकानवाला सांगे, त्या घरी सेल लागते बाप्पा, आपल्याकडं मीठ लागते तसे. मी म्हटलं बॅटरी असंन, शेतात जागलीले जातीन. वहिनी, आकडे घेत असंन पोरगा. मटक्याचे. आता मटकाबी मशीनवर आला म्हणते."

"तुमीच आणलं ना व हे स्थळ?"

"मी पोरगा आणला. मशीन मी नाही आणली."

साक्षगंध थांबवायचा निरोप विमलबाईंसोबत त्याच दिवशी जायचा होता. मनकर्णाबाई बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष न्हाणीघराच्या दाराकडे गेलं. राखी तिथे उभी होती, ओले केस पुसत. पुसत कसली, टॉवेल नुसता धरून उभी होती. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता काही सांगू नका. शुक्रवारी मी सोता जातो. समोर बसून इचारतो. देवाची आण घालतो."

पण तुळसाबाईंना तेवढा दम नव्हता. त्या गुरुवारीच आल्या.

दुपारी दारात जीप थांबली. हरीओमने आधी उडी मारली, मग आईला हात दिला. तुळसाबाईंच्या हातात काठी होती आणि खांद्याला कापडी पिशवी. बबनराव तुरीच्या वावरात गेले होते. घरात मायलेकी दोघीच, आणि त्यातल्या एकीचं मौन.

"इकडूनच चाललो होतो, म्हटलं डोकावून जाऊ," तुळसाबाई म्हणाल्या. शेलूबाजारहून जऊळक्यावरून पुढे त्यांना कुठे जायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मनकर्णाबाईंनी हात जोडले, सतरंजी अंथरली आणि पाणी आणायला वळल्या. तोच मागे खाडकन आवाज झाला. त्या दचकून फिरल्या. तुळसाबाईंची काठी फरशीवर पडली होती. पडली होती की पाडली होती, कोण जाणे.

"कानं तं बरोबर हायेत," तुळसाबाई मुलाला हळू म्हणाल्या. हळू म्हणाल्या असं त्यांना वाटलं. ते चहा ठेवणाऱ्या राखीपर्यंत ऐकू गेलं.

"आईचं मौन असते गुरुवारी," राखी आतून म्हणाली.

"मौन?" तुळसाबाईंनी भुवया वर केल्या. "त्या दिवशी तं घसा बसला होता, बाई. आज मौन हाये. पुढच्या टायमाले काय सांगसान?"

राखी चहाकडे वळली. बापाने एक थाप मारली होती आणि आता घरातलं खरंही थापेसारखं ऐकू येत होतं.

"इहीनबाई," तुळसाबाई पुढे सरकल्या, "मी साधी बाई हावो. मले गोलगोल बोलता येत नाही. तुमच्या तोंडून एक शब्द ऐकायले मी एवढ्या दूर हा पाय घेऊन आली. नुसतं 'चहा घ्या' म्हणा. मी उठतो आन जातो, आन साक्षगंधाची तयारी करतो. नाही म्हणसान तं..." त्यांनी पुढचं सोडून दिलं.

मनकर्णाबाईंनी राखीकडे पाहिलं. राखी चहाची ताटली घेऊन दारातच थांबली होती. हरीओम तिच्याकडे पाहत नव्हता, खाली सतरंजीकडे पाहत होता. एक शब्द. पण एक शब्द बोलून साक्षगंध झाला आणि उद्या विकासच्या बायकोसारखी राखी दारात पिशवी घेऊन उभी राहिली, तर त्या शब्दाचं काय करायचं? आधी उत्तर हवं होतं.

म्हणून त्यांनी तोंड न उघडता विचारलं. दोन्ही हात पोटासमोर धरले, जणू वीट धरली आहे. मग दोन्ही अंगठे भराभर नाचवले. मग बोट दाखवलं सरळ हरीओमकडे.

हरीओमला कळेना. "मावशी?"

तुळसाबाईंना मात्र लगेच कळलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणजे खरंच होतं.

"कोठी पाह्यलं तुमी?" तुळसाबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी हात जोडले, मग खण ओढल्यासारखं केलं.

"देवघराचा खण उघडला! पाहुणा देवघराचा खण उघडते काय कधी? मी म्हटलं सारं घर पाहतीन, तेवढाच पाहणार नाही."

"माय, सांग ना आता," हरीओम म्हणाला.

"तू चूप बस."

"मी चूप बसलो म्हणून तं हे झालं."

तुळसाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग तोंड वेंगाडल्यासारखं करून आतून ती काळी वस्तू काढली. देवघरातली. सोबत आणली होती.

"याची नाही ते," त्या म्हणाल्या. "माही हाये."

राखीने चहाची ताटली खाली ठेवली.

मग तुळसाबाईंनी सांगितलं ते असं. हरीओम लहान होता तेव्हा घरात टीव्हीला जोडायचा गेम होता, कॅसेट घालून खेळायचा. अभ्यास बुडतो म्हणून त्यांनीच कॅसेटी गव्हाच्या कोठीत दडवल्या होत्या. वर्षं गेली, गेम बिघडला, कॅसेटी तशाच राहिल्या. गेल्या साली गोठ्यात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि तुळसाबाई मधल्या खोलीत खाटेवर पडल्या. टीव्ही बाहेरच्या खोलीत, त्यावर हरीओमच्या वडिलांच्या बातम्या. पडल्या पडल्या जीव नकोसा झाला. तेव्हा हरीओमने नागपूरच्या जुन्या बाजारातून हे आणलं. तोच टीव्हीचा गेम, पण हातात मावणारा. टीव्ही याच्यातच, आणि त्याच जुन्या कॅसेटी याला चालतात.

"फक्त सेल लय खाते," तुळसाबाई म्हणाल्या, "आन गरम होते. पाय बरा झाला, पण हे सुटत नाही. सांगा, कोणाले सांगू? लोकं म्हणतीन, सासू व्हायचं वय झालं आन बाई गेम खेळते."

मनकर्णाबाईंनी ऐकलं. विश्वास बसावा असं बरंच होतं त्यात. पण विकासही असंच बोलायचा, टाइमपास आहे म्हणायचा. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. पैसे?

"पैसे नाही लागत व. घ्या, तुमीच पाहा."

तुळसाबाईंनी बटन दाबलं. काच उजळली. एक बुटका माणूस उभा राहिला आणि टुंग, टुंग सुरू झालं. राखीने आवाज ओळखला आणि ती दोन पावलं पुढे आली. तुळसाबाईंनी वस्तू मनकर्णाबाईंच्या हातात दिली, त्यांची बोटं धरून बटनांवर ठेवली. "हे दाबलं का चालते. हे दाबलं का उडी मारते. खड्डा आला का उडी."

मनकर्णाबाई काचेकडे न्याहाळून पाहत होत्या. कुठे आकडे दिसतात का, कुठे नोटा दिसतात का. माणूस चालायला लागला. तो सरळ चालला, मागेपुढे न पाहता, आणि समोर खड्डा आला.

"अरे बैताडा, उडी मार ना! पडला, पडला व माय!"

धप्प.

मनकर्णाबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"बोलल्या!" तुळसाबाईंनी मुलाच्या दंडावर चापट मारली. "ऐकलं ना तू? चांगल्या खणखणीत बोलल्या! मुकी म्हणणाऱ्याच्या तोंडात माती पडो." म्हणणाऱ्या त्याच होत्या, हे त्या विसरल्या.

मनकर्णाबाईंचं लक्ष देव्हाऱ्याकडे होतं. डोळे भरून आले होते. आजवर ताप असताना, बाप गेला तेव्हा, राखीच्या जन्माच्या कळांतसुद्धा गुरुवार मोडला नव्हता. मोडला तो एका खड्ड्यात पडणाऱ्या खोट्या माणसापायी. तोंडून निसटलं, ते देव पोटात घालेल. उद्या उपास करीन म्हणावं, नाक घासावं, आणि आता दिवा लागेपर्यंत पुन्हा गप्प बसावं. नेम तसाच सांगत होता.

पण दिवा लागायच्या आत जीप निघून जाणार होती. आणि यांचा संशय फिटला तरी आपला कुठे फिटला?

त्यांनी ती वस्तू सतरंजीवर ठेवली. पदर तोंडावरून काढला. पहिलं निसटलं होतं. हे दुसरं त्या जाणूनबुजून बोलल्या.

"हरीओम, इकडं ये. बस. माह्या डोळ्यात पाहा. पैसे लावून खेळला तू कधी? मोबाईलवर, पत्त्यावर, कायच्यावरबी?"

तुळसाबाई मध्येच म्हणाल्या, "अवो, तो कायले..."

"त्याले बोलू द्या, इहीनबाई."

हरीओमने आईकडे पाहिलं, मग दारातल्या राखीकडे. तो पटकन नाही म्हणाला असता तर मनकर्णाबाईंनी त्याच क्षणी सोयरीक मोडली असती. पटकन नाही म्हणणारे त्यांनी पाहिले होते.

"खेळलो," तो म्हणाला. "कॉलेजात होतो तवा. वाशिमले खोली केली होती, पोरं खेळत, मीबी बसलो. फीचे पैसे गेले. घरी येऊन सांगतलं."

"मंग?"

"मायनं मोबाईल इहिरीत टाकला."

मनकर्णाबाईंनी तुळसाबाईंकडे वळून पाहिलं. "इहिरीत?"

"मंग काय पूजा करू त्याची? त्याच्या बापानं गळ टाकून काढतो म्हटलं. मी म्हटलं, काढा, का मीच उडी घेतो." तुळसाबाईंचा आवाज बसला, खरोखरच बसला. "त्याच्यानंतर नाही खेळला. पण गावात काही लोकायले माईत हाये. म्हणून तं हे दडवलं व. कोणी पाह्यलं असतं तं म्हटलं असतं, पाहा, पुन्हा लागला. आन हे माहं हाये म्हटलं तं भरोसा कोण ठेवंन?"

कोणीच नसता ठेवला. मनकर्णाबाईंनीही नसता.

"मले एक इचारायचं हाये," राखी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी फोनवर इचारलं तं टीव्ही काहून सांगतलं?"

हरीओम ओशाळला. "मायनं शपथ घातली होती."

"मंग आता मी सांगतो ते ऐका. पुढं मले खोटं सांगाचं नाही. मायच्या शपथीपायीबी नाही. चालंन?"

"चालंन."

"आन तुमाले?" राखीने तुळसाबाईंना विचारलं.

तुळसाबाईंनी या होणाऱ्या सुनेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. आवडलं की टोचलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. "पोरगी तिखट हाये," त्या मनकर्णाबाईंना म्हणाल्या. "चालंन."

मनकर्णाबाई उठल्या. आत जाऊन देवापुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या. संशय सगळाच गेला होता असं नाही. आईच्या पोटातला संशय लेक नांदून सुखी दिसेपर्यंत जातही नसतो. पण खोटं बोलण्याची सोय असताना मुलगा खरं बोलला होता. त्यांनी हळदीकुंकवाची कुयरी घेतली, ओंजळभर तांदूळ, नारळ आणि एक चोळीचा खण घेतला, आणि बाहेर आल्या.

"पदर पसरा, इहीनबाई."

ओटी भरणं म्हणजे सोयरीक पक्की, हे तुळसाबाईंना सांगायला नको होतं. हरीओमने मान वर केली. राखी आत पळाली नाही, तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

कुंकू लावून मनकर्णाबाईंनी तांदूळ घातले. तुळसाबाईंनी दोन्ही हातांनी पदर धरला आणि तेवढ्यात सतरंजीवर टुंग टुंग वाजायला लागलं. काच अजून उजळलेली होती, बुटका माणूस पुन्हा सुरुवातीला उभा राहिला होता. तुळसाबाईंनी पाहिलं. हात तर अडकलेले.

"राखी, उचल व माय ते," त्या म्हणाल्या. "बंद नको करू, खेळ. खड्डा येऊन राह्यला."

राखीने आईकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी नारळ ओटीत ठेवला, त्या काळ्या वस्तूकडे एकदा नीट डोळे रोखून पाहिलं, आणि मान हलवून हो म्हटलं.